तांबेदादांचा सातचा तास

यशवंत तांबे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका माणसाच्या कानफटात मारत होते.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला तो गाळा. दारात केबलची वेटोळी, आत दोन टेबलं आणि मधोमध हा उंच, कबड्डीपटूच्या खांद्यांचा माणूस. मार खाणारा पंचविशीचा तरुण गालावर हात ठेवून जमिनीकडे बघत होता. "चौथ्या मजल्यावर लोंबकळतोस आणि बेल्ट लावत नाहीस? पडला असतास तर तुझ्या आईला मी काय सांगू? बोल ना, काय सांगू?" असं म्हणत त्यांनी आणखी एक दिली. मग माझ्याकडे वळून, मधे काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाले, "बातम्या वाचायला आलात ना, मॅडम? बसा. चहा घेणार?"

मी उठून जायच्या बेतात होते. तेवढ्यात चहा आला. तांबे यांनी आपल्या कपातला अर्धा चहा त्या तरुणाच्या कपात ओतला आणि म्हणाले, "पी. आणि उद्यापासून बेल्ट." त्याने चहा घेतला. गाल लाल होता. माझ्याकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही. त्याचं नाव सुनील. तांबे यांच्या हाताखालचा तो सगळ्यात हुशार लाइनमन होता.

मी राहिले. शाळेतली नोकरी सुटली होती, आवाज बरा होता आणि गाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. हळूहळू ते माझे तांबेदादा झाले आणि मी त्यांची मेधाताई.

तांबेदादा केबलवाले. अंधेरीतली एक मोठी कंपनी शेकडो चॅनल पाठवायची आणि चारकोपच्या सेक्टरांमध्ये ते घरोघरी पोचवायचं काम त्यांचं. पण त्या शेकडो चॅनलांच्या गर्दीत एक छोटा चॅनल आमचा स्वतःचा होता. दिवसभर त्यावर भजनं आणि जाहिराती चालायच्या. संध्याकाळी सातला मात्र तासभर आमचा कार्यक्रम असायचा, 'चारकोप बोलतंय'. आधी मी सेक्टरांतल्या बातम्या वाचायचे. मग तांबेदादा फोन घ्यायचे, थेट. कुणाकडे पाणी आलेलं नसायचं, कुणाच्या इमारतीसमोर बिल्डरने खड्डा खणून ठेवलेला असायचा, कुणाची मुलगी बारावीत पहिली आलेली असायची. फोन करणारा कितीही लांबण लावो, तांबेदादा त्याला मधे तोडायचे नाहीत. मी खुणा करायचे. ते मान हलवायचे. नंतर म्हणायचे, "मेधाताई, वायर कापली तर जोडता येते. माणसाला बोलता बोलता कापलं ना, की तो परत नाही बोलत."

त्यांचे वडील जालन्याकडून रस्त्याच्या कामावर मुंबईत आले होते. वस्तीवर काही संकट आलं तरी कुणी ऐकायला येत नसे, हे दादांनी लहानपणापासून पाहिलेलं. ऐकून घेण्याचं त्यांना वेड होतं ते तिथून आलं असावं. आणि हात उगारण्याची सवय? तीही बहुधा तिथूनच. त्यांना स्वतःला ती ठाऊक होती. "माझा हात आधी पोचतो," म्हणायचे, "अक्कल मागून रिक्षाने येते."

एकदा ती अक्कल फारच उशिरा आली. कार्यक्रमात एका बाईचा फोन आला. नाव न सांगता ती दबक्या आवाजात बोलू लागली की नवरा रोज मारतो. बोलता बोलता मागे दार वाजलं, पुरुषाचा आवाज आला आणि मग मारण्याचा. सगळं चारकोप ते ऐकत होतं. तांबेदादांनी नंबर पाहिला. गिऱ्हाईक ओळखीचं होतं, इमारत समोरच्याच गल्लीत. ते स्टुडिओतून धावत सुटले. मी फोन धरून बसले होते. तिच्या रिसिव्हरमधून मला दार ठोठावल्याचं ऐकू आलं, मग दादांचा आवाज आणि मग पुन्हा मार. या वेळी ओरडत होता तो नवरा.

दुसऱ्या दिवशी लोकांनी दादांना डोक्यावर घेतलं. सातला त्याच बाईचा फोन आला. "कशाला मारलंत त्यांना?" ती म्हणाली. "दात पडलाय त्यांचा. आता म्हणतात, जा त्या केबलवाल्याकडेच. दारात बसलेय मी सकाळपासून." दादांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, त्या बाईला घरी आणलं. वहिनी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होत्या आणि कमी बोलायच्या. बाई पंधरवडाभर त्यांच्याकडे राहिली, नंतर बहिणीकडे गेली. त्या पंधरवड्यात दादा स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरत होते.

कंपनीशी भांडण सुरू झालं ते सातच्या तासावरून. कंपनीने ठरवलं की सगळ्या उपनगरांतल्या स्थानिक चॅनलांवर संध्याकाळी एकच कार्यक्रम दिसेल, अंधेरीत तयार झालेला. गाणी, बक्षिसं, मधे मालिकांतले नट. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या केबलवाल्यांनी माना डोलावल्या. तांबेदादा नाही म्हणाले.

कंपनीचे अधिकारी गाळ्यात आले. तरुण, गोड बोलणारे गृहस्थ. "तांबेसाहेब, तुमचा तास आम्ही घेत नाही, मोठा करतोय. प्रॉडक्शन बघा ना आमचं, झकास आहे."

"झकास असेल," दादा म्हणाले. "पण त्यात सेक्टर पाचच्या पाण्याबद्दल कोण बोलणार? तुमचा नट?"

"लोकांना करमणूक हवी असते."

"ती तुम्ही शेकडो चॅनलांवर देताच की. एवढा एक तास आमचा. तोही खुपतो?"

करार होता, त्यात तो तास आमच्या नावावर होता आणि करार संपायला अवकाश होता. शिवाय कंपनीने जबरदस्ती केली तर आपली सगळी घरं दुसऱ्या कंपनीकडे नेण्याची दादांची ताकद होती. त्यामुळे कंपनीला आधी ती घरंच दादांच्या हातून काढायची होती. त्यासाठी तिने चारकोपमध्ये दुसरा केबलवाला उभा केला. तो होता सुनील.

सुनील निघून गेला. चारकोपची एकेक गच्ची, वायरचा एकेक जोड त्याला पाठ होता, कारण तो दादांनीच शिकवला होता. महिन्याभरात आमच्या वायरी तुटू लागल्या. एका इमारतीत जोडल्या की दुसऱ्या इमारतीत तुटायच्या. मग आमच्या माणसांनी सुनीलची मोटरसायकल जाळली. मग सुनीलच्या माणसांनी आमच्या गणेश नावाच्या लाइनमनला जिन्यात गाठून त्याची बोटं पान्याने ठेचली. त्याच्या आईने तो हात फडक्यात गुंडाळून गाळ्यात आणून दाखवला. दादांनी तो हात हातात घेतला, बराच वेळ धरला आणि मग भिंतीवर अशी मूठ मारली की गिलावा पडला. पोलिसांनी दोन्ही बाजूंना बोलावून दम दिला. दम ऐकून बाहेर आल्यावर रस्त्यावरच पुन्हा मारामारी झाली.

"दादा, सोडून द्या तो तास," मी एकदा म्हटलं. "माणसं मरतील."

"मला पण तेच वाटतं कधी कधी," ते म्हणाले. "मग सात वाजतात, फोन वाजतो."

हल्लेखोर आले तेव्हाही फोनच चालू होता. सेक्टर आठमधल्या एक बाई गटाराबद्दल बोलत होत्या. दार लाथेने उघडलं आणि हेल्मेट घातलेले तिघे आत शिरले, हातात लोखंडी सळया. पहिली सळई दादांच्या डोक्यात बसली. ते खुर्चीसकट मागे पडले, उठले, एकाला टेबलावर आपटलं. तेवढ्यात दुसऱ्याने त्यांच्या उजव्या कोपरावर सळई मारली. तो आवाज ओली फांदी मोडल्यासारखा होता. मी मधे गेले तर माझ्या खांद्यावर फटका बसला आणि मी भिंतीशी कोसळले. तिथून मला दिसत होतं, दादा गुडघ्यांवर होते, आणि ते तिघे आळीपाळीने, घाई न करता मारत होते. कपाळातून रक्त वाहून त्यांचे डोळे भरले होते. फोनमधून त्या बाई अजून विचारत होत्या, "हॅलो? तांबेदादा? काय झालं?" कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. त्यांनी मशिनं फोडली आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा.

म्हणजे चारकोपने हे सगळं घरात बसून पाहिलं. जेवणाची ताटं समोर घेऊन पाहिलं. नंतर कित्येकांनी मला सांगितलं, अगदी कळवळून सांगितलं, की काय भयंकर होतं ते. खाली उतरून आले ते एकटे पाठककाका, मागच्या इमारतीतले निवृत्त कारकून. बनियनवर आले होते, हातात छत्री होती. ते पोचले तेव्हा हल्लेखोर गेले होते. काकांनी दादांचं डोकं मांडीवर घेतलं आणि रिक्षावाल्याला हाका मारू लागले.

रुग्णालयात दादांना शुद्ध आली तेव्हा मी खाटेशी बसले होते, हात गळ्यात अडकवून. लोकांचा मला संताप आला होता. "सगळ्यांनी पाहिलं, दादा," मी म्हटलं. "सगळ्यांनी. आणि एक माणूस आला."

त्यांचे ओठ सुजले होते. "सगळ्यांना दिसलं?"

"हो."

"म्हणजे सिग्नल चांगला होता," ते म्हणाले आणि हसायला गेले, तर टाका उसवला.

कोपर पुन्हा नीट जुळलं नाही. उजवा हात तसाच वाकडा राहिला. ते घरी आल्यावर एका दुपारी मी भेटायला गेले होते आणि वहिनी चहा टाकत होत्या, तेव्हा गणेशचा फोन आला. आमच्या माणसांनी सुनीलला सेक्टर तीनमधल्या एका गच्चीवर पकडून ठेवलं होतं. दादा उठले. वहिनींनी गॅस बंद केला, आपली कामाची पिशवी खांद्याला लावली आणि काही न विचारता निघाल्या. मीही निघाले.

पाण्याच्या टाकीशी सुनील गुडघ्यांवर बसला होता. नाकातून रक्त येत होतं, शर्ट फाटला होता. आमची चार-पाच माणसं भोवती उभी होती. गच्चीचा कठडा हातभर अंतरावर होता आणि सगळ्यांची नजर मधूनमधून तिकडे जात होती. गणेशने आपल्या धड हाताने दादांपुढे सळई केली. दादांनी ती डाव्या हातात घेतली.

"तू पाठवलंस त्यांना?"

"कंपनीच्या माणसांनी सांगितलं, मशीन फोडतील फक्त," सुनील म्हणाला. "गाळ्याची चावी कुठे असते, दार कधी उघडं असतं, ते मी सांगितलं. माराचं मला माहीत नव्हतं." मग म्हणाला, "पण बरं वाटलं, दादा. खोटं नाही बोलणार. मी टीव्हीवर पाहिलं आणि मला बरं वाटलं. तुम्ही पण मला सगळ्यांसमोरच मारायचात. नवीन माणूस आला की त्याच्यासमोर. गिऱ्हाइकाच्या दारात त्याच्या बायकोपोरांसमोर. किती वर्षं."

दादांनी सळई उचलली आणि मारली. सुनीलने हात वर केला होता, त्याच्या मनगटावर ती बसली. तो किंचाळला. दादांनी पुन्हा हात उचलला तेव्हा सुमनवहिनी शांतपणे चालत जाऊन दोघांच्या मधे बसल्या. पिशवीतून पट्टी काढली, सुनीलचं मनगट हातात घेतलं आणि मान वर न करता नवऱ्याला म्हणाल्या, "अजून मारायचं असेल तर आत्ता मारून घ्या. मी पट्टी एकदाच बांधणार."

खाली कुठेतरी भंगारवाला ओरडत होता. दादांच्या हातातली सळई हळूहळू खाली आली. ते सुनीलसमोर फतकल मारून बसले आणि दोघांमधे बसलेल्या वहिनींच्या हातांकडे बघत राहिले. मग आपल्या माणसांना म्हणाले, "रिक्षा आणा. हाड मोडलंय त्याचं."

सुनीलने तक्रार केली नाही. केली असती तर त्याचंही सगळं बाहेर आलं असतं. दादा गप्प राहिले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

गाळा पुन्हा उभा राहिला. लोकांनी मदत केली, कदाचित त्या संध्याकाळची लाज वाटून असेल. पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दादांनी मला सांगितलं की ते आज गच्चीवरची गोष्ट बोलणार आहेत.

"वेडे आहात का?" मी म्हटलं. "कंपनी याचीच वाट बघतेय. पोलीस घेऊन जातील तुम्हाला, आणि तास जाईल तो जाईलच. एवढा मार खाल्लात तो कशासाठी मग?"

"मेधाताई, मी त्याला चारचौघांत मारलं. एकदा नाही, कितीदा. तर सांगायचं पण चारचौघांतच."

"त्याच्या घरी जाऊन सांगा की."

"गेलो होतो. त्याने दार उघडलं नाही." ते आपला वाकडा हात चोळत होते. "इतकी वर्षं लोकांना म्हणतोय, बोला, ऐकतो. माझ्यावर आलं की आवाज बंद करू?"

सातला त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून सगळं सांगितलं. आपल्याला कुणी मारलं याबद्दल एक शब्द नाही. आपण सुनीलला पूर्वी कसं मारायचो, गच्चीवर कसं मारलं, ते सांगितलं. त्या बाईच्या नवऱ्याला मारलं तेही सांगितलं. "ती पोरगी दारात बसली, ते माझ्यामुळे," म्हणाले. मग फोन घ्यायला बसले. फोन वाजलाच नाही. तास संपेपर्यंत ते रिसिव्हरजवळ बसून होते आणि मी त्यांच्या शेजारी.

पोलीस दुसऱ्या दिवशी आले. त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं, चॅनलवरून गुन्ह्याची कबुली प्रसारित झाल्यामुळे करार रद्द. सात वाजले आणि आमच्या जागी अंधेरीचा कार्यक्रम दिसू लागला. वायर कुणी कापली नव्हती, गाळ्यात कुणी शिरलं नव्हतं. तिकडे कुणीतरी एक बटण दाबलं होतं.

जामिनावर सुटल्यावर दादा मला घेऊन कंपनीच्या कचेरीत गेले. त्यांचा चेहरा पाहून मला भीती वाटत होती. काचेच्या खोलीत तेच गोड बोलणारे अधिकारी होते. त्यांनी पाणी मागवलं, हाताची चौकशी केली आणि म्हणाले की निर्णय वरून आला. वर कोण, तर त्यांच्याही वर कुणीतरी. दादा खुर्चीत बसून त्यांचं सगळं ऐकत राहिले, मधे न तोडता. खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "मारायलाच आलो होतो, खरं सांगतो. पण मारायचं कुणाला तेच कळेना. तो बिचारा पगारी माणूस."

खटला बोरिवलीच्या कोर्टात उभा राहिला. सुनीलला साक्षीला बोलावलं. तो पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "गच्चीवर पाय घसरून पडलो. कुणी मारलं नाही." सरकारी वकील वैतागले. दादांच्या वकिलांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि दादा जागेवरून उठून म्हणाले, "साहेब, तो मला वाचवायला खोटं बोलतोय. मी मारलं."

वकिलांनी त्यांचा शर्ट ओढला. न्यायाधीशांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "तुम्हाला पश्चात्ताप होतो का?"

"मारल्याचा होतो," दादा म्हणाले. "सांगितल्याचा नाही होत."

चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेऊन त्यांना सोडलं. बाहेर जिन्याशी सुनील उभा होता. "गप्प बसला असतात तर साफ सुटला असतात, दादा," तो म्हणाला. दादा म्हणाले, "आणि तू आयुष्यभर गच्चीवर घसरलेला राहिला असतास." दोघं शेजारच्या टपरीवर चहाला गेले. मी गेले नाही.

पुढे दोन पावसाळे ते होते. केबलचा धंदा हातातून गेलाच होता. जवळच्या बुद्धविहारात मुलांना कबड्डी शिकवायचे, डाव्या हाताने. डोक्याला लागलेलं आतून बरं झालं नव्हतं. कधी बोलता बोलता शब्द हरवायचा, आणि मग समोरचा माणूस, मुलंसुद्धा, त्यांना तो सापडेपर्यंत थांबून राहायची. एका सकाळी अंघोळीला गेले ते तिथेच पडले. रुग्णालयात वहिनीच ड्यूटीवर होत्या.

चारकोपमध्ये कुणी गेलं की ती बातमी मी सातला वाचायचे. आता ती द्यायला जागा नव्हती. सुनीलने एक रिक्षा आणली, टपावर भोंगा बांधला आणि मला हाक मारायला आला. मी माईक घेऊन मागे बसले, तो चालकाशेजारी. सेक्टर एकपासून सुरुवात केली. मी वाचत होते, यशवंत तांबे यांचं आज सकाळी निधन झालं, अंत्ययात्रा चार वाजता निघेल. खिडक्या उघडत होत्या, माणसं गॅलऱ्यांत येत होती. आमच्या गाळ्याच्या वळणावर माझा आवाज गेला. कितीही खाकरले तरी येईना. सुनीलने मागे वळून पाहिलं, माझ्या हातून माईक घेतला आणि माझा कागद बाजूला ठेवला.

"ऐका," तो भोंग्यातून म्हणाला. "आपले दादा गेले."